तिसरा पेड

त्या वर्षी विहिरींनी तळ गाठला आणि दोरांना मागणी आली. पाणी हातभर खाली गेले की दोर हातभर वाढवावा लागतो, हा हिशेब साधा. पण त्या उन्हाळ्यात पाणी हाताच्या मापात राहिलेच नव्हते. जुन्या दोराला नव्याची जोड देऊन लोक कसेबसे भागवत होते, आणि जोड दिलेला दोर नेमका भरल्या बादलीच्या वेळी दगा देतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे, कोरड्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या दोरवाल्यांच्या अंगणात सकाळपासून माणसांचा राबता असे.

घरात माणसे तीन : सासू, सून आणि दीर. सुनेला सारा गाव वाखवाली म्हणे, कारण कमरेला घायपाताच्या वाखाचा, म्हणजे दोर वळायच्या तंतूंचा, पुडका बांधल्याशिवाय ती कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. तिची स्वतःची दृष्टी लग्नानंतर हळूहळू गेली होती. संध्याकाळ उतरते तशी, आधी कडा गेल्या, मग मधले गेले, आणि शेवटी उजेड आहे की नाही एवढेच कळायचे राहिले. नवरा होता तोवर दोर तो ओढायचा. तो गेल्यावर तिने त्याचा पुडका स्वतःच्या कमरेला बांधला, आणि याची घरात कुणी चर्चा केली नाही. दीर लहानपणापासून पायांनी अधू. चाकाशेजारच्या फळीवर तो सकाळी बसे तो दिवस मावळताना उठे. दंड मात्र असे की बाजारातला हमालही त्याच्याशी पंजा लढवायचे टाळी. सासू ओसरीवर बसून वाख विंचरी. तिचे हात आणि तोंड एकाच वेगाने चालत, आणि दोन्हींतून कुसळे निघत.

काम असे होते. चाकाला तीन आकडे. त्यांतल्या एकाला ओलसर वाखाची बट अडकवायची, दिराने चाक फिरवायला लागायचे, आणि वाखवालीने कमरेच्या पुडक्यातून वाख सोडत, तो दोन बोटांत दाबत, तोंड चाकाकडे ठेवून मागे मागे जायचे. पीळ चाकाकडून येतो, जाडी बोटांतून ठरते. असे तीन पेड सारख्या लांबीचे झाले की त्यांना एकत्र करून उलटा पीळ द्यायचा. मग तो दोर. पाठमोऱ्या चालीत डोळस माणसालाही डोळ्यांचा उपयोग नसतो, आणि चाकाशी बसणाऱ्याला पायांचा. कालव्याकाठची ती अरुंद वाट, एका अंगाला कालव्याची उतरण आणि दुसऱ्या अंगाला काटेरी कुंपण, ही त्या दोघांची सगळी जमीन होती. त्या जमिनीवर त्यांना कशाची उणीव भासत नसे.

गावाचा विनोद ठरलेला होता. एकीला पाय, एकाला डोळे, दोघं मिळून एक माणूस पुरा होतो, असे किराणावाला एकदा अंगणात उभा राहून म्हणाला. सासूने फणी थांबवली नाही. तुम्ही नवरा-बायको मिळून किती होता ते आधी मोजा आणि मग आमची मोजणी करायला या, असे तिने त्याला ऐकवले. तेव्हापासून किराणावाला दोर घ्यायला नोकर पाठवी.

चाक मात्र त्यांचे नव्हते. जुने लाकडी चाक मोडल्यावर अपंगांच्या उपजीविकेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोखंडी चाक बसवून दिले होते. हलके फिरे, आवाज मात्र चक्कीसारखा करी. चाकाची मालकी संस्थेची, वापर घराचा, आणि प्रकल्प चालू आहे तोवरच, अशी अट होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी संस्थेची पाहणीवाली मुलगी आली. प्रकल्पामुळे माणसांच्या जगण्याचा दर्जा किती वाढला हे मोजायचे होते. तिच्याजवळ छापील प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. वाखवाली पेड अर्ध्यावर टाकून यायला तयार नव्हती, म्हणून ती मुलगीच तिच्याबरोबर वाटेने चालू लागली. आकड्यांचा अर्थ तिने सुरुवातीलाच वाचून दाखवला होता; पण तो चाकाजवळ, ऐन खडखडाटात. पुढचे प्रश्न वाखवालीला नीट ऐकू आले. झोप कशी लागते, दुखणेखुपणे काय, लोक मान देतात का, कामाचे समाधान किती. आणि सरतेशेवटी, एकंदरीत तुमचं आयुष्य किती नंबरावर आहे?

परक्या माणसापुढे रडगाणे गाणे वाखवालीला कधी जमले नव्हते. शिवाय बाजारात दोराची प्रत नंबरावरच ठरते. पहिल्या नंबरचा दोर विहिरीला, दुसऱ्याचा बैलगाडीला, तिसऱ्याचा लाकडाच्या मोळ्यांना. तिच्या हातचा दोर कधी दुसऱ्यात गेला नव्हता.

"एक नंबर," ती म्हणाली. "लिहा बिनधास्त. सगळं एक नंबर."

मुलीने तसे लिहिले, आणि तिचा आवाज उगाचच मऊ झाला. जाताना तिने वाखवालीच्या खांद्यावर हात ठेवला. वाखवालीला तो हात का ठेवला हे कळले नाही, पण वाईट वाटले नाही.

कळले ते महिन्याभराने. तीच मुलगी परत आली तेव्हा चाक थांबलेले होते; दीर आकड्यांना तेल घालत होता. तिने जे सांगितले ते ऐकून सासूची फणीही थांबली. प्रकल्पातल्या साऱ्या घरांत या घराचे आयुष्य सर्वांत खालच्या पायरीवर निघाले होते. झोप वाईट, मान नाही, समाधान नाही. दोराच्या कामाने या दोघांचे काही भले होत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. चाक परत न्यायचे ठरले होते. वाखवालीने संस्थेच्या शहराकडच्या केंद्रात लिफाफे करायचे, दिराने त्याच केंद्राच्या दुसऱ्या इमारतीत डब्यांना झाकणे बसवायची. प्रत्येकाला स्वतंत्र काम, स्वतंत्र टेबल.

"समाधान नाही असं मी कधी म्हटलं?" वाखवालीने विचारले.

मुलीने कागद चाळले आणि सगळीकडे एक हाच आकडा आहे असे सांगितले.

"मग? एक नंबर म्हटलं होतं मी."

दीर एवढ्या जोराने हसला की फळीवरून घसरायचा बाकी राहिला. अहो, एक म्हणजे सगळ्यात वाईट, असे मुलगी हळूच म्हणाली. तुमच्यात असेल, सासू म्हणाली; बाजारात विचारून या. मुलगी खजील झाली होती. चूक माझीच, चाक बंद करून विचारायला हवं होतं, मी साहेबांना घेऊन येते आणि सगळं पुन्हा लिहून घेते, असे ती परत परत सांगत राहिली. एवढीशी तर गोष्ट, एकाचे पाच होतील आणि चाक जागच्या जागी राहील, असे सगळ्यांनाच वाटले. त्या दिवशी दीर दिवसभर सुनावत होता : वहिनी, हा पेड एक नंबर झालाय, उचलून फेकून देऊ का?

वाखवालीला मात्र केंद्र आठवत होते. मागे एकदा प्रशिक्षण म्हणून तिला तिथे नेले होते. खोलीत पंखा होता, खुर्चीला पाठ होती, चहा वेळेवर आला. तिला कोपराला धरून टेबलापर्यंत नेले, कोपराला धरून मोरीपर्यंत नेले. स्वतःचा रिकामा पेला उचलून ठेवायला ती उठली तेव्हा दोघींनी धावत येऊन तो काढून घेतला. प्रत्येक लिफाफ्याला शिकवणाऱ्या बाई "छान, छान" म्हणत होत्या, लहान मुलाने पहिला घास स्वतःच्या हाताने खाल्ल्यावर म्हणतात तसे. संध्याकाळपर्यंत तिने मोठा ढीग केला. कुणी वाईट वागले असे तिला सांगता आले नसते. फक्त त्या सबंध दिवसात तिच्या हातातल्या कामाला दुसऱ्या टोकाने कुणी एकदाही ओढ दिली नव्हती. घरी आल्यावर तिने कमरेला पुडका बांधला, उजेड संपत आला असताना एक पेड ओढला, आणि मगच तिला भूक लागली.

साहेब आले ते घामाघूम होऊन. प्रकल्प त्यांच्या हाती होता. माणूस उद्धट नव्हता. अंगणात शिरताना त्यांनी वहाणा काढल्या आणि सासूने "राहू द्या, ऊन पोळतंय" म्हटल्यावर परत घातल्या. चाक बंद ठेवले गेले. प्रश्न सावकाश विचारले गेले. झोप, चार. मान, चार, किराणावाल्यामुळे एक कापला, असे वाखवाली म्हणाली आणि साहेबही हसले. समाधान, पाच. एकंदर आयुष्य, पाच. मुलीच्या पेनाचा आवाज हलका झाला होता.

मग एक प्रश्न आला जो पहिल्या खेपेलाही आला होता, पण तेव्हा एकच्या आकड्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. तुम्ही तुमचं काम एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय करू शकता का? उत्तर हो किंवा नाही.

"नाही," वाखवाली म्हणाली.

पेन थांबले. साहेबांनी समजावून सांगितले की या प्रश्नाचे वजन सगळ्यांत जास्त आहे. माणूस आपल्या पायावर उभा राहिला की नाही, हेच तर प्रकल्पाला पाहायचे असते. इथे नाही आले तर वरचे सगळे पाच वाहून जातात.

"अहो बाई, नुसतं हो म्हणा. बघायला कोण येतंय?" साहेब म्हणाले.

जाडी अजमावताना वाख फिरवावा तसे वाखवालीने ते वाक्य बोटांत धरून फिरवले. मग हो म्हटले तर पुढे काय होईल असे विचारले. साहेब खरे बोलणारे गृहस्थ असल्यामुळे अडचणीत आले. हो म्हटले तर ती स्वावलंबी ठरेल. मग चाक तिच्या एकटीच्या नावावर होईल, आणि चाकावर दिराची गरज नाही असे धरून त्याला केंद्रात घेतले जाईल. आणि नाही म्हटले तर? तर ती परावलंबी ठरेल; मग तिला एकटीने जमेल असे काम द्यावे लागेल. म्हणजे लिफाफे.

"म्हणजे हो म्हटलं तरी भाऊजी सुटतात आणि नाही म्हटलं तरी सुटतात."

"सुटतात असं नाही, बाई. दोघांचीही प्रगती होते."

"माझं उत्तर लिहून घ्या," वाखवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ती उभी राहिली होती. "दोर एकट्यानं होत नाही. मला डोळे असते तरी झाला नसता. भाऊजींना पाय असते तरी झाला नसता. माझा नवरा धडधाकट होता, त्यालाही चाकावर माणूस लागायचाच. त्याला कुणी परावलंबी म्हटलं नाही. मी तेच काम करते तर भाऊजींच्या कामाला मदत का म्हणता?"

यावर साहेब जे म्हणाले त्यात खोटे काही नव्हते. मोजायची ही पट्टी त्यांनी बनवलेली नव्हती. ती वरून आली होती, पुष्कळ ठिकाणी वापरून पारखलेली होती. प्रत्येक घरासाठी प्रश्न बदलला तर कुणाचे बरे झाले आणि कुणाचे नाही हे ताडून कसे पाहणार? माप एकच असायला हवे, नाहीतर ते माप कसले? आणि उत्तराला रकाने दोनच आहेत. तिसरा नाही.

"मग काढा की तिसरा," ओसरीवरून सासू म्हणाली. "पट्टी तुमच्याच पिशवीत आहे ना?"

साहेबांनी कागद मिटले. जाताना मुलगी मागे रेंगाळली.

त्या संध्याकाळी जेवताना दीर गप्प होता, आणि तो गप्प बसला की घरात काहीतरी जड वस्तू आणून ठेवल्यासारखे वाटे. हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला की वहिनींनी हो म्हणून टाकावे. केंद्रात पंखा आहे. झाकणे बसवायला काय लागते? निदान चाक घरात राहील. गावात फिरवायला माणूस मिळेल. चाक काय कुणीही फिरवतो.

"कुणीही फिरवतो?" वाखवालीने विचारले.

त्याने पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

"माझं बोट दुखत असलं की तुम्ही चाक हळू करता. मी न सांगता. ते कुणीही करतो?" ती थांबली. मग तिच्या आवाजात राग आला, आणि तो राग साहेबांवर निघाला नव्हता तेवढा सगळा इथे निघाला. "भाऊजी, तुम्ही मला ओझं समजून उतरवताय की स्वतःला? दोन्हीतलं काही असेल तर आत्ता सांगा. मी पुडका सोडून ठेवते आणि उद्यापासून लिफाफे चिकटवते."

सासूने भांडी आवरायला घेतली होती, तीही थांबली.

"वाख किती भिजत घालायचा उद्यासाठी?" दिराने विचारले.

"सगळा."

दुसऱ्या दिवशीचा दोर विहीरवाल्याचा होता. गावाच्या वरच्या अंगाला एक विहीर आणखी खोल करायला घेतली होती, आणि विहीरवाला स्वतः येऊन माप सांगून गेला होता. या दोरावर बादल्या नाही, माणसे उतरायची होती. जोड चालणार नव्हती. आणि माप असे होते की कालव्याकाठची वाट पुरत नव्हती. पेड वाटेच्या तोंडाशी असलेला रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधापर्यंत न्यावा लागणार होता. मोठ्या दोराचा पेड एकदा सुरू केला की मध्ये थांबता येत नाही. वाख वाळतो, ओल बदलते, तिथे जाडी बदलते, आणि विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचे सगळे वजन पुढे कधीतरी त्या एका जागी येते.

ऊन चढायच्या आत त्यांनी दोन पेड ओढले. वाटेवर रोवलेल्या दोन फाट्यांच्या दुबेळक्यांवरून, रस्त्यावरून, बांधावरच्या खुंटापर्यंत ते ताणून ठेवले होते. सासू काठी घेऊन रस्त्याच्या मध्यावर खुर्ची टाकून बसली. शेळ्यांना तिने काठीने फिरवले, सायकलवाल्यांना तोंडाने. एक मोटारसायकलवाला वाद घालायला लागला तेव्हा, तुला विहिरीत सोडू का याच दोराने, असे तिने विचारले आणि तो कालव्याच्या उतरणीवरून वळसा घालून गेला.

तिसऱ्या पेडासाठी वाखवाली चाकाकडे परत आली, पुडका बदलला, बट ओली केली, आणि तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ सासूचा आवाज, मग साहेबांचा, मग पुन्हा सासूचा, बराच वेळ. अखेरीस वाटेने माणसे येऊ लागली. पेडांना धक्का लागू नये म्हणून ती एकामागून एक अंग चोरून येत होती. चाहुलीवरून साहेब, ती मुलगी, आणि दोन हमाल.

साहेबांनी आवाज शक्य तितका सौम्य ठेवला होता. वरून निरोप आला होता. चाक आजच न्यायचे होते. त्यांनी कालच आपल्या परीने वर लिहून पाहिले होते, पण त्याचा उपयोग झाला नव्हता. यात कुणाचा अपमान नाही, असेही ते म्हणाले.

दीर चाकाच्या दांड्यावर हात ठेवून बसला होता. चाक जमिनीत रोवलेल्या चौकटीत होते, आणि त्याची फळी त्याच चौकटीला जोडलेली. त्याने कुबड्या उचलल्या. वाखवालीला वाटले, हा उठतो की काय. पण एकापाठोपाठ एक अशा दोन कुबड्या कालव्याच्या कोरड्या पात्रात खाली आपटल्याचा आवाज आला.

"न्या की," तो म्हणाला. "पण मी फळीवर आहे आणि मला मदतीशिवाय उठता येत नाही. तुमच्याच कागदावर आहे तसं. तेव्हा आधी मला उचला. सांभाळून. मी पहिल्या नंबरचा आहे."

एक हमाल फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांनी त्यांना पुढे व्हायला सांगितले. पावले दोन पुढे आली. मग दुसऱ्या, वयस्क आवाजाच्या हमालाने विचारले की हे पेड कुणाच्या दोराचे. वरच्या विहिरीचा आहे, आज संध्याकाळी द्यायचाय, असे दिराने सांगितले. त्यावर माणसं उतरायची का, असे हमालाने विचारले. माणसंच, दीर म्हणाला.

हमालाने हात झटकल्याचे ऐकू आले. बाईमाणसाला आणि अधू माणसाला ओढून काढायचे काम सांगितले नव्हते, सामान उचलायचे सांगितले होते, असे तो साहेबांना म्हणाला. दोघांचीही पावले आता रस्त्याच्या दिशेने वळली होती.

मुलगीही हमालांच्या मागे गेली आणि साहेब एकटेच उरले. ते वाटेत उभे होते, वाखवालीच्या पाठीमागे, दोन पेडांच्या शेजारी. बाई, ऐका, माझ्यावर येईल हे, असे ते म्हणाले. तिला त्यांचे वाईट वाटले, आणि आपल्याला वाईट वाटते आहे याचा रागही आला. हातातल्या बटेची ओल उन्हात उडू लागली होती.

तिने बट चाचपून तिसऱ्या आकड्याला अडकवली.

"भाऊजी, फिरवा."

चाक खडखडले. पीळ तिच्या बोटांत शिरला, ओळखीच्या माणसाने हात हातात घ्यावा तसा. तिने वाख सोडला आणि पहिले पाऊल मागे टाकले. मग दुसरे. तिची पाठ साहेबांच्या हातातल्या पिशवीला लागली.

"बाई, मी इथे उभा आहे."

"कळलं मला. साहेब, इथं बाजूला व्हायला जागा नाही. एका अंगाला उतरण, एका अंगाला काटे. आणि मला आता थांबता येत नाही. तुमचं तुम्हीच काय ते बघा."

तिने पुढचे पाऊल मागे टाकले. साहेबांना हलावेच लागले. आधी एक पाऊल, मग आणखी एक. त्यांनी पाठ फिरवून सरळ चालत निघून जायला हरकत नव्हती, पण बोलणे संपले नसल्यामुळे तेही तिच्याकडे तोंड करूनच मागे सरत राहिले; त्यांच्या वहाणा दगडांना अडखळत होत्या, कुंपणाच्या काट्यात शर्टाची बाही अडकून टर्रकन फाटली. असं चालणार नाही, ते म्हणाले. मी पुन्हा येईन, लेखी घेऊन येईन, पोलीस घेऊन यावं लागेल.

"या," वाखवाली म्हणाली. "चाक इथंच असेल. आम्हीपण इथंच असू, दोघं. मोजायचं झालं तर मोजायलाही या. पण मोजाल तेव्हा दोघांना मिळून मोजा, आणि चाक चालू असताना मोजा. मी आकडे नीट शिकून ठेवते, एकाला पाच म्हणायचं ते. तुम्ही तेवढं एक शिकून या."

"काय?"

"मदत कशाला म्हणतात आणि काम कशाला म्हणतात ते."

साहेब काय म्हणाले ते चाकाच्या आवाजात बुडाले. आता ती वाटेच्या मध्याच्या पुढे आली होती. पेड तिच्या बोटांतून एकसारखा जात होता, कुठे फुगवटा नाही, कुठे बारीक नाही. दुबेळक्यावरच्या दोन पेडांना तिचे कोपर अधूनमधून लागे आणि वाट कळे. पाठीवर ऊन होते, मानेवरून घाम वाहत होता, पायाखालची धूळ तापली होती. वाट संपत आल्याचे तिला सासूच्या आवाजावरून कळले. टेम्पो तोंडाशीच उभा होता, इंजिन चालू, नेमका तिसऱ्या पेडाच्या जागेवर. डिझेलचा वास जवळ आला.

टेम्पोवाला खाली उतरून काय करायचे ते विचारत होता. साहेबांचे बोलणे संपले होते. त्यांची पाठ बहुधा टेम्पोच्या नाकाला टेकली होती, कारण पत्र्यावर काहीतरी आपटले आणि वाखवालीपासून दोन हातांवर कुणीतरी धापा टाकत थांबले. ती थांबली नाही.

"मागे घ्या हो टेम्पो," पाहणीवाली मुलगी म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा वाखवालीने याआधी कधी ऐकला नव्हता. "दिसत नाही का? त्यांचं काम चाललंय."

गिअर कचकचला. टेम्पो हलला, आणि त्याच्याबरोबर साहेबांची पावलेही हलली. रस्त्यावर सासूने खुर्ची सरकवून घेतली आणि काठी जमिनीवर आपटून ती टेम्पोवाल्याला वळणे सांगू लागली. वाखवाली मागे चालत होती; माघार साहेब घेत होते.

"अजून घ्या," सासू ओरडत होती. "अजून मागं. दोर लांब आहे."